केबिनची लोखंडी भिंत

यंदा चवथ घरी मिळाली. बोटीवर नोकरी करणाऱ्याला हे केवढं सुख आहे, ते गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे प्रत्येक वाड्यावर एखाद्या तरी घरातलं माणूस ‘बोटीवर’ असतं. पाच दिवसांचा गणपती पोचवला, गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीचे नारळ वाटून झाले आणि दुसऱ्याच संध्याकाळी शेजारचे काका-काकू चहाला आले. काकांच्या खिशात घडी घातलेला कागद होता. दिवाळीनंतर दोघं मुंबईहून मुरगावपर्यंत क्रूझने येणार आहेत, लेकीने तिकीट काढून दिलंय.

‘‘तू रोज अठरा खोल्या लावतोस ना रे? मग तूच सांग, बरोबर काय काय घ्यायचं?’’

काकांनी लहानपणी पणजी-मुंबई आगबोटीचा प्रवास केलेला. डेकवर सतरंजी पसरून झोपायचं, सामान म्हणजे एक वळकटी आणि फिरकीचा तांब्या. आता मात्र यादी पानभर झाली होती. काकूंचे प्रश्न तीनच होते. खोलीत देव कुठे ठेवायचा, रात्री दिवा राहतो का आणि संडासात पाणी असतं का. बोटीवर आपल्याकडचे जे जे वडीलधारे प्रवासी भेटले, त्या बहुतेकांनी मला हेच विचारलंय, कुणी उघड, कुणी आडून. बाल्कनीतून दिसणाऱ्या समुद्राचे फोटो सगळे पाठवतात, पण माणसाला त्या खोलीत सुखाने राहता येतं की नाही, हे असल्या बारक्या गोष्टींवर ठरतं. नऊ वर्षं केबिन स्टुअर्डचं काम केल्यावर हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हणून काका-काकूंना जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

केबिनच्या भिंती लोखंडी असतात. वरचा थर गुळगुळीत, लाकडासारखा दिसणारा, त्यामुळे पटकन कळत नाही, पण आत पत्रा असतो. खिळा ठोकता येत नाही आणि चिकटपट्टी तर लावूच नका, काढताना वरचा थर सोलून निघतो. लोहचुंबक मात्र घट्ट बसतं. चुंबकाचे हुक बाजारात सहज मिळतात, ते सहा-सात घ्या. ओला टॉवेल, टोपी, औषधांची पिशवी, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचा कागद, सगळं भिंतीवर जातं आणि एवढ्याशा टेबलावर चष्मा ठेवायला जागा उरते. हुक घेताना थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. हलके हुक वजन पडलं की घसरत खाली येतात. खोलीचं दार उघडायचं कार्ड त्यांच्याजवळ ठेवू नका, चुंबकाच्या पट्टीचं जुन्या पद्धतीचं कार्ड असेल तर निकामी होतं.

तीन वर्षांपूर्वी आमची बोट भूमध्य समुद्रात होती, तेव्हा फोंड्याकडचं एक वयस्कर जोडपं माझ्या खोल्यांत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली लावायला गेलो, तर आरशाशेजारी भिंतीवर शांतादुर्गेचा पोस्टकार्डाएवढा फोटो. वरच्या दोन कोपऱ्यांना दोन चुंबकं, काचेवर कुंकवाचं एक बोट आणि खालच्या फळीवर बॅटरीची पणती. बाहेर सिसिलीचा किनारा दिसत होता आणि मी कवळ्याच्या देवीसमोर हात जोडून उभा होतो. पुढचे आठ दिवस ती फळी पुसायची वेळ आली की मी आधी हात धुऊन यायचो. काकूंना म्हटलं, तुमचा देव असा न्या.

पणती बॅटरीचीच का, तेही सांगितलं. निरांजन, उदबत्ती, कापूर, मेणबत्ती यांतलं काहीही पेटवायचं नाही. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड असल्या वस्तू बोटीवर चढताना तपासणीतच बाजूला काढून ठेवतात. राग मानू नका. भर समुद्रात बंब येत नाही. आग लागली तर विझवायची ती बोटीवरच्याच माणसांनी, म्हणून आम्हां खोल्या लावणाऱ्यांनाही कामावर घेण्याआधी आग विझवायचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. केबिनच्या छताला पाण्याचा फवारा मारणारी छोटी तोटी असते, तिच्या नाकाशी काचेची इवलीशी नळी. त्याला हुक समजून कपड्यांचा हँगर अडकवू नका. एका प्रवाशाने अडकवला होता, नळी फुटली आणि खोलीतला गालिचा, गाद्या, बॅगा सगळं भिजलं. आम्ही चौघं मध्यरात्रीपर्यंत पाणी उपसत होतो.

काकांच्या यादीत सगळ्यात वर एक्स्टेन्शन बोर्ड होता. पहिल्या काँट्रॅक्टला मीही नेला होता आणि तो काढून घेतल्यावर मनातून चिडलो होतो. पुढे बोटीवरच्या इलेक्ट्रिशियनने नीट समजावलं. आपल्या घरात एका तारेत वीज असते, दुसरी न्यूट्रल, ती जमिनीशी जोडलेली. बोटीवर बहुधा कुठलीच तार बोटीच्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेली नसते, दोन्ही तारा जिवंत असतात. घरच्या बोर्डाचं बटण एकच तार तोडतं, म्हणजे बटण बंद असूनही दुसऱ्या तारेत वीज राहते. त्यात ‘सर्ज प्रोटेक्टर’ असलेली पट्टी असेल, तर तिच्या आतला भाग तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये यावर खास इशारा काढला होता. एवढं कळल्यावर मी पुन्हा बोर्ड नेला नाही.

मग फोन चार्ज कसा करायचा? खोलीत सहसा दोन प्रकारची सॉकेट असतात. एक चपट्या दोन पट्ट्यांचं अमेरिकी, ११० व्होल्टचं; दुसरं गोल दोन पिनांचं युरोपीय, २२० व्होल्टचं. आपला तीन पिनांचा प्लग दोन्हींत बसत नाही. साधा अ‍ॅडॅप्टर आणि तीन-चार तोंडांचा यूएसबी चार्जर न्या, दोघांचं भागतं. काकांना झोपताना लावायचं मशीन आहे. त्याबद्दल तिकीट काढलेल्या कंपनीला आधीच कळवायला सांगितलंय, म्हणजे त्यांना चालणारी वायर खोलीत तयार मिळते.

रात्रीचं प्रकरण मात्र मी काकूंना दोनदा सांगितलं. त्यांची खोली आतल्या बाजूची आहे, बिनखिडकीची. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख होतो. त्यात न्हाणीघराचा उंबरठा चार-पाच बोटं उंच, आतलं पाणी गालिच्यावर येऊ नये म्हणून केलेला. घरात चाळीस वर्षं सपाट लादीवर चालायची सवय असलेला पाय तिथे हमखास अडतो. मी एका आजींना रात्री दोन वाजता व्हीलचेअरवरून दवाखान्यात नेलंय, घोटा सुजून नारळाएवढा झाला होता. तेव्हा उशाशी छोटी बॅटरी ठेवा, किंवा न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा. पुष्कळ बोटींवर टीव्हीच्या एका चॅनलवर नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. आवाज बंद करून तेच लावून झोपा. रात्रभर पडदा काळा-निळा राहतो आणि पहाट झाली की हळूहळू क्षितिज उमटतं. खिडकी नसलेल्या खोलीत वेळ कळायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

आता पाणी. हा प्रश्न विचारताना काकूंनी आवाज लहान केला, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. परदेशी बनावटीच्या बोटींवर संडासात कागद असतो, जेट नसतो. हा संडास विमानातल्यासारखा हवेने खेचणारा, एका वेळी जेमतेम लिटरभर पाणी वापरणारा. आजूबाजूच्या कितीतरी खोल्यांची लाइन एकच. त्यात ओला रुमाल, पॅड, डायपर, उरलेला भात असलं काही टाकलं, की तुमच्यासह शेजारच्या सात-आठ खोल्यांचं अडतं. ‘फ्लश होतो’ असं पाकिटावर छापलेले ओले रुमालही टाकायचे नाहीत. पाण्यासाठी दाबून फवारा मारायची बाटली मिळते, लांब वाकड्या नळीची, प्रवासासाठीच केलेली. ती न्या. ती नसेल तर साधा प्लास्टिकचा मग न्या, पण पाणी हळू घ्या. शॉवरच्या पडद्याबाहेरची जमीन कोरडी राहील अशी धरूनच सगळी रचना असते.

काकांनी लगेच विचारलं, ‘‘म्हणजे आमचा फिरकीचा तांब्या चालेल की!’’ चालेल. पितळेचा असला तर खाली कापड ठेवा, बोट हलली की फळीवर वाजत राहतो.

बाकी गोष्टी पटापट सांगितल्या. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीत येईपर्यंत संध्याकाळ होते, त्यामुळे औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवाच. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात. शॉवरमध्ये भिंतीतून ओढून काढायची कपडे वाळत घालायची दोरी असते, ती बऱ्याच जणांना शेवटच्या दिवशी सापडते. खोलीतला फ्रिज फक्त गारवा देतो, इन्शुलिन ठेवायचं असेल तर स्टुअर्डला सांगा. जाड उशी, जास्तीचं पांघरूण, हँगर हेही मागा. मागितलेलं आणून देणं आम्हांला जड वाटत नाही. संकोचून अर्धी रात्र कुडकुडलेला प्रवासी सकाळी भेटला की वाईट वाटतं.

काकूंनी मध्येच विचारलं, ‘‘आणि तुझी खोली कशी असते रे?’’ दोघांची, खाली एक वर एक बंक, बंकला पडदा. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने खलाशाच्या बिछान्याचं माप ठरवून दिलंय, किमान १९८ सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद. भारताने हा करार २०१५ मध्ये मान्य केला. कपाट किमान ४७५ लिटरचं असावं, इथपर्यंत त्यात लिहिलंय. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आपले कपडे किती जागेत मावतात, याचाही कुणीतरी बसून विचार केला. त्या ८० सेंटिमीटरच्या बंकशेजारच्या भिंतीवर माझे चार हुक असतात. एकाला चार्जरची वायर, एकाला नावाचा बिल्ला, एकाला टॉवेल. चौथ्यावर आईने दिलेली आमसुलांची पुडी, समुद्र खवळला की चघळायला.

काकूंनी माझ्या डब्यातला एक हुक उचलला, आमच्या गोदरेजच्या कपाटाला लावला आणि त्याला स्वतःची पिशवी अडकवून थोडा वेळ बघत राहिल्या. पिशवी हलली नाही. डब्यात दहा हुक होते, सहा त्यांना दिले. मला पुढच्या महिन्यात मोपा विमानतळावरून निघायचंय, माझ्या बंकला चार पुरतात.