आबांची फियाट, पितळी बुश आणि आमचं भांडण

दहावीचा शेवटचा पेपर देऊन पोरगं घरी आलं आणि चप्पल काढायच्या आत म्हणलं, आई, आबांची गाडी चालू करूया का. आबा म्हणजे माझे वडील. गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, पण पद्मिनी तिला आमच्या घरात कुणी कधी म्हणलं नाही, अख्खं कोल्हापूर फियाटच म्हणतं. आबा गेल्यापासून सहा वर्षं शेडमध्ये उभी, चारी टायर बसलेले, मागच्या सीटवर मांजरीची दोन बाळंतपणं झालेली. मी म्हणलं चल, सुटीत होईल. सव्वा वर्ष लागलं.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय पण नोकरी बँकेत, त्यामुळं पाना हातात धरून वीसेक वर्षं झालेली. तरी ही गाडी शिकायला लई सोपी. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, कार्बोरेटर, सेन्सर नावाला एक नाही, बॉनेट उघडलं की सगळं डोळ्याला दिसतं. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास मारत होता, टाकी उतरवून धुतली. रबरी पाइप सगळे बदलले, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यानं जुनं रबर फुगतं, चिरतं.

मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं. आठही व्हॉल्व्ह घट्ट बसावेत म्हणून काढून पेस्ट लावून हातानं घासायचे, काठीच्या टोकाला रबराची वाटी, ती दोन तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी गरागरा फिरवायची. पोरग्यानं पहिला व्हॉल्व्ह पाच मिनिटांत 'झाला' म्हणून दिला. व्हॉल्व्हच्या मागच्या भोकात रॉकेल ओतलं तर खालून ठिबकायला लागलं. परत घास. दोन रविवार गेले त्यात, पण शेवटच्या व्हॉल्व्हला थेंब आला नाही तेव्हा त्यानं मला फोटो काढायला लावला, एरवी फोटो काढतो म्हणलं की तोंड फिरवतो.

माझीही फजिती सांगते. प्लगच्या वायरी मी लावल्या, सरळ एक दोन तीन चार, अंगात काय आलं होतं देवाला माहिती. स्टार्टर मारला तर कार्बोरेटरमधून असा फटाका वाजला की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. पोरगं शांतपणे म्हणलं, आई, फायरिंग ऑर्डर, सिलेंडर पेटायचा क्रम, एक तीन चार दोन आहे. डिप्लोमा कुणाचा म्हणायचा?

खरं भांडण झालं ते बुशावरनं. या गाडीचा गिअर स्टिअरिंगला असतो आणि त्याच्या जोडातले बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते त्या छोट्या नळ्या, झिजले की गिअर शोधत बसावं लागतं. आबांची उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, लेथ होती. जोड उघडला तर आत पितळी बुश, आबांनी स्वतः लेथवर बनवलेले. मी मुंबईहून कंपनीसारखे नवीन बुश मागवले होते, म्हणलं आता करतोयच तर सगळं ओरिजिनल करूया. तर हा म्हणतो, ओरिजिनल म्हणजे कुठलं? डिझाइन इटलीतल्या फियाट ११००चं, कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची, कारखाना कुर्ल्यात, आणि चालवली कोल्हापुरात आबांनी. मग आबांचं तेवढं डुप्लिकेट कसं? मी चिडले. दोन दिवस शेडला कुलूप.

तिसऱ्या दिवशी त्यानं आबांचं मोजायचं व्हर्निअर शोधून काढलं आणि बुश मोजून कागद माझ्यापुढं ठेवला. इतकी वर्षं चालून झीज नावापुरती. मी गप्प बसले. पण वायरिंगच्या बाबतीत मी ऐकलं नाही, आबांनी जागोजागी टेप गुंडाळून जोड मारलेले, एक तर पेट्रोल पाइपला चिकटून गेलेला. ते सगळं फेकलं. माझे वडील असले म्हणून काय झालं, गाडी पेटली असती!

स्पेअर म्हणाल तर मुंबईच्या टॅक्सींनी या गाडीचं दुकान इतकी वर्षं चालू ठेवलं. ऑक्टोबर २०२३ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरनं गेली, तेव्हापासून जुन्या टॅक्सीचा माल मिळेल तो घेऊन ठेवायचा असं आमचं धोरण. एक दार अशाच टॅक्सीचं बसवलंय, खरवडलं की आतून टॅक्सीचा रंग निघतो.

पत्रा, लांबी, पेंट, आरटीओचं पासिंग यात किती पैसे गेले ते इथं लिहीत नाही, नवरा वाचतो.

यंदा मे महिन्यात पन्हाळ्याला काढली. वाघबीळच्या पुढं चढाला धापा टाकल्या आणि बंद. उन्हात पेट्रोल पाइपातच उकळतं, त्याची वाफ धरते आणि पेट्रोल पुढं जात नाही. आबा करायचे तेच केलं, इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओला फडका टाकून झाडाखाली बसलो. तेवढ्यात चार माणसं जमली, प्रत्येकाच्या मामाकडं फियाट होती. एक काका पोरग्यालाच म्हणाले, विकणार काय रे? तो म्हणला, आईला विचारा, आणि माझ्याकडं बघून मान हलवली, नाही म्हणून.

वीस मिनिटांनी स्टार्ट झाली. निम्मा चढ गेल्यावर दुसरा गिअर टाकला, खटकन बसला. पोरगं खिडकीबाहेर बघून हसत होतं. म्हणलं, बुशाचं नाव काढलंस तर इथंच उतरवीन.