छंदाच्या साईटचं बिऱ्हाड हलवताना

होस्टिंग कंपनीचा मेल दोनच ओळींचा होता: सर्व्हरवरून पीएचपी ५.६ काढून टाकत आहोत, मुदतीच्या आत साईट नव्या व्हर्जनवर आणा. पीएचपी ही माझी साईट ज्यात लिहिली आहे ती प्रोग्रॅमिंगची भाषा. रागवायला जागा नव्हती. पीएचपी ५.६ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं २०१८ च्या अखेरीसच थांबलं होतं, त्यानंतरही ते चालू ठेवलं हेच पुष्कळ. अडचण माझ्या कोडची होती. शब्दकोड्यांची ही साईट मी हौसेने, नोकरीतून उरलेल्या वेळात लिहिलेली. डेटाबेसशी बोलणारी जुनी 'मायएसक्यूएल_' फंक्शनं तिच्यात जागोजागी होती, आणि ती तर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं तेव्हाच भाषेतून गेली. त्यामुळे कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन व्हर्जनचा आकडा बदलला की झालं, असं होणार नव्हतं.

एवीतेवी कोड उघडायचाच आहे, तर साईट कुठे ठेवायची याचाही विचार करू म्हटलं. होस्टिंगची तुलना करणारे तक्ते मी आधी पाहिले आणि लगेच बंद केले. त्यात डिस्क, बँडविड्थ, 'अनलिमिटेड' वगैरे रकाने असतात. अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरात फाईल्सच्या संख्येवरची मर्यादा असते, सीपीयूवरची असते. माझी अख्खी साईट फोनमधल्या एका व्हिडिओपेक्षा लहान, तिला त्या आकड्यांशी काय देणंघेणं? मला वेगळंच विचारायचं होतं: मी चार-सहा महिने या साईटकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर ती चालू राहील का? हौशी माणसाकडे सगळ्यात तोकडं काय असतं तर लक्ष. आठवडाभर झपाटून काम करायचं आणि मग घरचं-ऑफिसचं काही निघालं की पासवर्डसुद्धा विसरायचा, ही आपली रीत. असा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

तरी पहिली धाव व्हीपीएसकडेच, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरकडेच गेली. आपला स्वतःचा सर्व्हर, त्यावर आपलं राज्य, याचा मोह कुणाला होत नाही? लहानात लहान, एक जीबी रॅमचा प्लॅन घेतला, लिनक्स चढवलं, एसएसएचची (सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याच्या सोयीची) किल्ली लावून पासवर्डने लॉगिन बंद केलं, फायरवॉल लावली. शिकायला मजा आली, हे नाकारणार नाही. पण लॉगिनची लॉग फाईल उघडली तेव्हा सर्व्हर नुकताच सुरू झालेला, त्याचा पत्ता मी कुणालाही दिलेला नाही, आणि तरी 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी दार ठोठावणं चालू होतं. हे कुणा एकाचं वैर नसतं, बॉट्स सगळ्याच आयपी पत्त्यांवर फिरत असतात. किल्ली लावलेली असली की ते हात हलवत परत जातात. पण हे सगळं सतत अपडेट ठेवण्याची जबाबदारी आता माझी, हे त्या फाईलीने नीट समजावलं.

पुढे एका सकाळी डेटाबेस बंद पडलेला दिसला. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस हेरून ती मारतो, आणि एवढ्याशा सर्व्हरवर ती बहुतेक वेळा मायएसक्यूएलच, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्रॅमच असते. स्वॅप फाईल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) दिली, बफरचा आकार कमी केला, चाललं. मग मेल पाठवून पाहावा म्हटलं तर जाईना, कारण बऱ्याच व्हीपीएस कंपन्या स्पॅमच्या भीतीने मेल बाहेर जाण्याचा २५ नंबरचा पोर्ट मुळातच बंद ठेवतात. यातलं काहीच अवघड नाही. फक्त हे संपत नाही. ज्याला सर्व्हर सांभाळण्याचाच छंद आहे त्याने व्हीपीएस जरूर घ्यावा. माझा छंद कोडी रचण्याचा आहे.

मग उलट्या बाजूने विचार केला. या साईटला डेटाबेस लागतो तरी कशाला? कोडं एकदा रचलं की बदलत नाही. उत्तर बरोबर की चूक ते ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तपासू शकते. कुणी उत्तरं सोर्समध्ये पाहून कोडं सोडवलं तर सोडवू दे, त्याचा आनंद त्याच्याजवळ. म्हणजे प्रत्येक कोड्याची एक जेसन फाईल (साध्या मजकुरात मांडलेला डेटा), तिच्यावरून माझ्याच कॉम्प्युटरवर बनवलेली एचटीएमएल पानं, आणि ती पानं नुसती वाढणारं स्टॅटिक होस्टिंग. तिथे पीएचपी नाही म्हणजे जुनं होणारं पीएचपी नाही. चोरायला ॲडमिनचा पासवर्डही नाही.

डेटाबेसमधून कोडी बाहेर काढणं हे तासाभराचं काम असेल असं वाटलं होतं. डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एका फाईलीत उतरवलेली नक्कल घेतला, फाईल उघडली, आणि मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन 'ए', चलनाची चिन्हं, मधूनच जपानी येन. जुन्या साईटवर तर तीच कोडी स्वच्छ दिसत होती.

हा घोळ मराठीत साईट चालवणाऱ्या पुष्कळांच्या वाट्याला येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवण्याच्या आजच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच, आणि लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांपुरती जुनी पद्धत, एका अक्षराला एक बाइट) समजून वाचला की तोच तो रेघवाला 'ए' दिसतो. दुसरा बाइट दोनपैकी एक असतो. स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी एका बाजूला. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात चलनाचं गोल चिन्ह येतं, दुसऱ्यात येन. त्यामुळे कचऱ्यातही लय असते, आणि ती एकदा ओळखता आली की डेटा गेलेला नाही, फक्त चुकीच्या चष्म्यातून पाहतोय, हे कळून जीव भांड्यात पडतो.

कारण असं की मायएसक्यूएलमध्ये ८.० येईपर्यंत मुळातली सेटिंग लॅटिन-१ ची होती, वर्णक्रम तर चक्क स्वीडिश, कारण ती कंपनीच मूळची स्वीडनची. माझी टेबलंही लॅटिन-१, पीएचपीचं कनेक्शनही लॅटिन-१. दोघांनाही वाटे की हा लॅटिन मजकूर आहे. प्रत्यक्षात यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे आत जात आणि जसेच्या तसे बाहेर येत, म्हणून पडद्यावर सगळं ठीक दिसे. डंप घेणारा प्रोग्रॅम मात्र शहाणा: लॅटिन-१ मधून यूटीएफ-८ मध्ये 'रूपांतर' करूनच तो फाईल लिहितो. आधीच यूटीएफ-८ असलेल्या मजकुराचं पुन्हा यूटीएफ-८ झालं, हा एवढाच प्रकार.

यावर तयार उपाय शोधला तर पायथन या भाषेतल्या दोन ओळी सगळीकडे सुचवलेल्या सापडतात: मजकूर विंडोज-१२५२ मध्ये (लॅटिन-१ चंच विंडोजमधलं भावंड) एन्कोड करा, मग यूटीएफ-८ म्हणून वाचा. तत्त्व बरोबर आहे, मराठीपुरतं ते फसतं. विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, आणि आपला हलन्त नेमका त्यातल्या एका जागेवर येऊन बसतो. पहिला उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ हेही त्याच रांगेत. पायथन तिथे अडतो. 'अडू नकोस, सोडून दे' असा पर्याय दिला की तो मुकाट पुढे जातो आणि 'पुस्तक' चं 'पसतक' करून ठेवतो. लांबून पाहिलं तर मजकूर देवनागरीच दिसतो, म्हणून हे जास्त घातक. मायएसक्यूएल स्वतः त्या पाच जागा बाइटला बाइट सांभाळतं. तेव्हा खरा उपाय डंप घेतानाच करायचा: कॅरॅक्टर सेट लॅटिन-१ द्यायचा, म्हणजे रूपांतर होतच नाही, बाइट जसे आत गेले तसे फाईलीत उतरतात. मी तसं केलं आणि सगळा मजकूर नीट आला.

जवळजवळ सगळा. काही लांबलचक शोधसूत्रं शेवटी तुटलेली होती आणि शेपटाला काळ्या चौकोनी पाकळीतलं प्रश्नचिन्ह. लॅटिन-१ च्या २५५ अक्षरांच्या रकान्यात देवनागरीची ८५ चिन्हंच मावतात, तीही काना-मात्रा-हलन्त सुटे मोजून. जुनं मायएसक्यूएल जास्तीचा मजकूर न बोलता कापत असे. ५.७ पासून ते मुळातच कडक झालं आणि अशा वेळी सरळ एरर देऊ लागलं. ती सूत्रं उत्तराकडे पाहून पुन्हा लिहिली, आणि खरं सांगायचं तर काही आधीपेक्षा बरी झाली.

जेसन बनवताना चौकटींचाही निकाल लावला. मराठी कोड्यात 'क्षी' एका चौकटीत बसतो, पण जावास्क्रिप्टच्या लेखी ती चार चिन्हं आहेत. अक्षरं तोडण्याची सोय ब्राउझरमध्ये आता आहे, पण जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या मानकाने २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आणला, त्यामुळे जुना ब्राउझर त्याचे दोन तुकडे करू शकतो. वाचकाच्या ब्राउझरवर कशाला विसंबायचं? पानं तयार करतानाच शब्द तोडून चौकटी जेसनमध्ये लिहून टाकल्या.

कुठलं स्टॅटिक होस्टिंग घ्यायचं हे शेवटी एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने ठरलं. माझे जुने पत्ते 'कोडं डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर अमुक' असे होते आणि ते लोकांनी इकडे-तिकडे दिलेले आहेत, मोडून चालणार नव्हते. गिटहब पेजेस फुकट आणि भरवशाचं, १ जीबीपर्यंतची साईट तिथे राहते, पण सर्व्हरच्या पातळीवरचं रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवणं, नाही. क्लाउडफ्लेअर पेजेसमध्ये रिडायरेक्टची फाईल आहे, पण ती प्रश्नचिन्हापुढचा भाग पाहत नाही. नेटलिफायची पाहते: तो आयडी पकडून नव्या पत्त्यावर ३०१ ने ('पत्ता कायमचा बदलला' या खुणेने) पाठवते. एका ओळीत काम झालं. ज्यांचे जुने पत्ते साधे आहेत त्यांना या तिन्हींत फारसा फरक जाणवणार नाही.

आता डोमेन. इथे घाई करायची नाही असं ठरवलं होतं, कारण माझा डीएनएस, म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंदवही, जुन्या होस्टिंगच्याच नेमसर्व्हरवर होता आणि मेलही त्याच डोमेनवर. होस्टिंग बंद केलं की झोन (डोमेनच्या सगळ्या नोंदी) जाणार आणि झोनबरोबर मेलही. म्हणून सगळं टप्प्याटप्प्याने. आधी स्वतंत्र डीएनएस सेवेवर जुन्या झोनची हुबेहूब नक्कल केली: ए (साईटचा पत्ता), एमएक्स (मेलचा), टीएक्सटी (इतर मजकूर), एकूण एक रेकॉर्ड, सगळे अजून जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवणारे. मग रजिस्ट्रारकडे, म्हणजे जिथे डोमेनची नोंदणी आहे तिथे, नेमसर्व्हर बदलले. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल (मिळालेलं उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ) १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असतो. त्या काळात कुणी जुन्या नेमसर्व्हरला विचारो की नव्या, उत्तर एकच मिळतं, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. ए रेकॉर्डचा टीटीएल जुन्या झोनमध्ये १४,४०० होता, नव्यात ३०० ठेवला, म्हणजे साईट हलवताना काही बिघडलंच तर पाच मिनिटांत मागे फिरता यावं.

मेल वेगळ्या सेवेकडे नेला. जुने मेल थंडरबर्डमध्ये दोन्ही खाती जोडून ओढून घेतले. कंटाळवाणं काम, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एवढंच, की मूळ डोमेनवर सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) लावायचा मोह टाळा. एमएक्स जिथे आहे तिथे सीनेम चालत नाही, त्यासाठी डीएनएस सेवेकडे एलियस किंवा तसली काही सोय असावी लागते.

एचटीटीपीएसचं आणखी एक. नव्या होस्टला लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं सर्टिफिकेट डोमेन त्याच्याकडे वळल्यावरच मिळतं, त्यामुळे मधल्या काही मिनिटांत ब्राउझर इशारा दाखवू शकतो. एरवी वाचक तो ओलांडून पुढे जाईल. पण जुन्या साईटने एचएसटीएसचा हेडर ('ही साईट फक्त एचटीटीपीएसनेच उघडा' अशी ब्राउझरला सूचना) पाठवलेला असेल तर ब्राउझर ती मुभाही देत नाही. माझ्याकडे तो होता. म्हणून बदल पहाटे केला आणि सर्टिफिकेट येईपर्यंत पान रिफ्रेश करत बसले. आता ९० दिवसांचं ते सर्टिफिकेट आपोआप नवं होतं, त्यात मला काही करावं लागत नाही.

जुनं होस्टिंग लगेच बंद केलं नाही. त्याच्या लॉगमध्ये आणखी काही काळ विनंत्या येत राहिल्या, बहुतेक वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणारे बॉट्स. या साईटवर वर्डप्रेस कधीच नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार? माणसांची ये-जा थांबल्यावर डेटाबेसचा शेवटचा डंप दोन ठिकाणी ठेवला आणि मग खातं बंद केलं.

एक गोष्ट मात्र गेली. कोडं पूर्ण सोडवलं की नाव नोंदवायची सोय होती, आणि त्या यादीत आपलं नाव पाहायला काही जण नेमाने येत. स्टॅटिक साईटवर ती यादी आपोआप वाढत नाही. फॉर्म स्वीकारणाऱ्या तयार सेवा आहेत, छोटं फंक्शन लिहूनही भागलं असतं, पण म्हणजे पुन्हा काहीतरी सांभाळत बसा, स्पॅम गाळा. सध्या जुनी यादी गोठवून ठेवली आहे. पानाखाली मेलचा पत्ता दिला आहे, नावं आली की सवडीने जेसनमध्ये हाताने भरते आणि साईट पुन्हा चढवते.