धबधब्याची स्टेज

गेममधल्या ताईच्या गड्याची पँट निळी, माझ्याची लाल. हे कधी ठरलं ते आठवत नाही, पण एकदाही बदललं नाही. स्टार्टचं बटण फक्त पहिल्या रिमोटवर होतं आणि पहिला रिमोट तिचा. त्यामुळे गेम सुरू करायचा ती, थांबवायचा ती. मला पाणी प्यायला जायचं असलं तरी तिची परवानगी लागायची.

मिरजेला आमच्या घरात टीव्ही गेम आला तो 1990च्या दशकात, मे महिन्याच्या सुट्टीत. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर छापलं होतं, 9999 गेम. पहिले दहा-बारा खरे, पुढे तेच नवी नावं लावून फिरून येत. फसवणूकच होती, पण आमची तक्रार नव्हती. आम्हाला त्यातला एकच हवा होता: काँट्रा, दोघांनी मिळून शत्रूंवर गोळ्या झाडत पुढे जायचा. कॅसेट काढायची, तळाला जोरात फुंकर मारायची, परत दाबून बसवायची. चित्राऐवजी करड्या चौकटी दिसल्या की पुन्हा फुंकर. फुंकर नक्की कशाला लागू पडायची देव जाणे, पण तिसऱ्या फुंकरीला गेम लागायचाच.

हा गेम मुळात आमच्यासारख्यांच्या घरासाठी नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. जपानच्या कोनामी कंपनीने तो 1987 साली आर्केडसाठी केला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या मशीनसाठी. मशीनचा पडदाही उभा. पुढच्या वर्षी निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी तो नव्याने बेतला, तेव्हा टीव्हीच्या आडव्या पडद्यात बसवण्यासाठी स्टेजेस पुन्हा मांडाव्या लागल्या. नाव झालं ते या घरगुती रूपाचं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या कॅसेटमधला अख्खा गेम, आठही स्टेजेस, गाणी, राक्षस सगळं धरून, 128 केबीचा. आमच्या घरच्या ग्रुपवर सकाळी येणारं 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं फूल त्याहून जड असतं. जपानी कॅसेटमध्ये चिप आणखी चांगली होती. तिथे जंगलाची झाडं वाऱ्यावर हलायची, बर्फाच्या स्टेजमध्ये बर्फ उडायचं. आमची झाडं मख्ख उभी. पण न हलणाऱ्या झाडांचं दुःख व्हायला हलणारी आधी पाहिलेली असावी लागतात.

युरोपात तर या गेममधून माणसंच काढून टाकली. जर्मनीत मुलांच्या हाती हिंसक खेळ जाऊ नयेत म्हणून कायदे कडक होते, म्हणून 1990 साली तिथे दोन्ही शिपायांच्या जागी यंत्रमानव आले आणि नाव झालं 'प्रोबोटेक्टर'. गोळ्या तेवढ्याच. नावाचीही गंमतच आहे. 'काँट्रा' म्हणजे निकाराग्वातल्या सँडिनिस्टा सरकारविरुद्ध लढणारे बंडखोर. 1987 साली ते रोज बातम्यांत होते, आणि आर्केडच्या गेममधल्या शेवटच्या धुनीचं नाव 'सँडिनिस्टा'. आमच्या गल्लीत या राजकारणाचा पत्ता कोणालाच नव्हता. आमच्या लेखी काँट्रा म्हणजे उघडे दोन पैलवान, कोलांट्या मारत जाणारे.

गोळी एक लागली की गडी खलास. रक्त कमी होत जाण्याची पट्टी वगैरे काही नाही. मोजून तीन लाइफ. पहिल्याच स्टेजचा पूल आपण चढलो की मागून तुकड्यातुकड्याने उडत यायचा. त्यावर माझी एक लाइफ हमखास जायची. मग गल्लीतल्या एका मुलाने मंत्र आणला: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. सुरुवातीच्या पडद्यावर एवढं दाबलं की तीनाच्या तीस लाइफ. तेराचा पाढा मी आजही अडखळत म्हणतो, हा मंत्र मात्र झोपेतून उठवलं तरी येतो.

तो रचला कोनामीतल्याच कझुहिसा हाशिमोटो यांनी, आणि तोही काँट्रासाठी नव्हे. 1986 साली ते 'ग्रॅडियस' नावाचा गेम घरगुती यंत्रावर आणत होते. गेम तपासायचा तर शेवटपर्यंत खेळायला हवा, आणि तो त्यांना स्वतःलाच झेपेना. म्हणून स्वतःपुरती ही पळवाट ठेवली. 2020 साली ते गेले, ती बातमी मी ताईला पाठवली. तिचं उत्तर आलं, 'वर वर खाली खाली.' बस, एवढंच.

पण तीस लाइफ असूनही मला मारणारी एक जागा होती: तिसरी स्टेज, धबधबा. बहुतेक स्टेजेसमध्ये आडवा सरकणारा पडदा इथे वर सरकतो. खडकांवरून उड्या मारत चढायचं. जो पुढे जाईल त्याच्यासोबत पडदा वर जातो, आणि खाली राहिलेला पडद्याच्या कडेला लागला की मेला. शत्रूची गोळी नको, काही नको. ज्याने कोणी हे रचलं त्याला भावंडं असणार. ताईला सवड नसायची. ती तीन खडक वर, मी खाली बोंबलतोय, "थांब ना गं!", तोवर माझा लाल गडी गेलेला. नवा गडी वरून टपकायचा, पुन्हा मागे पडायचा, पुन्हा जायचा. एका धबधब्यात माझ्या आठ-नऊ लाइफ जायच्या, त्यातली एकही शत्रूने घेतलेली नसायची. मी रडकुंडीला आलो की ती म्हणायची, "मी थांबले तर दोघंही मरू." त्यात तथ्य होतं, हाच तर राग होता.

गेल्या दिवाळीत भाच्याने कुठूनसं यंत्र आणून टीव्हीला जोडलं. ताईने न विचारता पहिला रिमोट उचलला. मंत्र तिनेच मारला, न बघता. पूल, भिंत, पहिला तळ, आणि मग धबधबा. आता तिला चष्मा लागलाय, बोटंही पूर्वीसारखी चालत नाहीत. मी दोन खडक वर गेलो, मग तिसरा. थांबता आलं असतं. निळा गडी खाली गेला.

"आई, बघ गं हा!" सेहेचाळीस वर्षांची बाई ओरडली.

आतून चकलीच्या सोऱ्याचा आवाज थांबला. "बंद करा ते आता," आई म्हणाली, "टीव्हीची ट्यूब जाईल."