न्यूयॉर्क : लिफ्टच्या ब्रेकच्या मागावर

न्यूयॉर्कला गेलेला मराठी माणूस लिबर्टीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर आणि नायगाराची बस एवढं करतोच. मीही केलं. पण आमच्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून लिफ्टच्या एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची फाइल बरीच वर्षं माझ्याच कपाटात आहे, त्यामुळे या शहरात मला आणखी काही ठिकाणं बघायची होती. जर्सी सिटीत राहणारी भाची म्हणाली, "मावशी, लोक ब्रॉडवेवर नाटक बघायला येतात गं. आणि तू लिफ्ट बघणार?" पण आली बिचारी सोबत.

सुरुवात ब्रायंट पार्कपासून केली. आज तिथे हिरवळ, घडीच्या खुर्च्या आणि डबे उघडून बसलेले ऑफिसवाले दिसतात. 1853 साली याच जागी लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला आणि त्यात जगभरच्या यंत्रांचं, वस्तूंचं प्रदर्शन भरलं. दुसऱ्या वर्षी, 1854 मध्ये, तिथे एलिशा ग्रेव्हज ओटिस नावाचा चाळिशी ओलांडलेला मेकॅनिक एका उघड्या पाळण्यावर उभा राहायचा. पाळणा उंच चढवला की ज्या दोराला तो लटकलेला, तोच दोर तो तोडायला लावायचा. गर्दीचा श्वास अडकायचा, पाळणा जेमतेम काही इंच खाली यायचा आणि जागच्या जागी थांबायचा. हा खेळ तो पुन्हा पुन्हा करायचा. 1858 मध्ये क्रिस्टल पॅलेस आगीत भस्मसात झाला. त्यामुळे बघायला काही उरलेलं नाही, हे मला माहीत होतं; भाचीला तिथे पोहोचल्यावर कळलं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. ओटिसने लिफ्ट शोधली नाही. वाफेवर माल वर चढवणारे पाळणे त्याच्या आधीही गोदामांत, कारखान्यांत होते. भीती एकच, दोर तुटला की खेळ खलास. ओटिस जवळच्याच यॉंकर्स गावात पलंगांच्या कारखान्यात कामाला होता आणि 1852 मध्ये तिथल्या मालासाठीच त्याने तोड काढली. घोडागाडीला असतो तसला स्प्रिंगचा पाटा त्याने पाळण्याच्या माथ्यावर बसवला आणि दोर त्या पाट्याला जोडला. वजनाने दोर ताणलेला आहे तोवर पाटा वाकलेला राहतो. दोर तुटला की ताण जातो, पाटा झटकन सरळ होतो आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंच्या रुळांवरच्या दातांत अडकतात. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. जे वजन पाळण्याला खाली ओढणार, त्याच वजनाने ब्रेक एरवी उघडा धरलेला. आमच्या लिफ्टचा मेकॅनिक दर वेळी "मॅडम, गव्हर्नर चेक केला" म्हणतो आणि मी सही करते. गव्हर्नर म्हणजे केबिनच्या वेगावर नजर ठेवणारं चाक. आता वेग प्रमाणाबाहेर गेला की ते आधी अडतं, त्याची दोरी ओढली जाते आणि मग केबिनचे जबडे गाइड रेल धरतात. रचना पार बदलली आहे, पण केबिनने स्वतःच स्वतःला धरायचं ही युक्ती यॉंकर्सचीच.

तिथून सहा नंबरची सबवे धरून ॲस्टर प्लेसला उतरलो. समोर कूपर युनियनची तपकिरी दगडाची जुनी इमारत. लिंकनचं 1860 चं गाजलेलं भाषण हिच्याच तळघरातल्या सभागृहात झालं, म्हणून लोक इथे येतात. मी आले ती एका गोल भोकासाठी. पीटर कूपर हा लोखंडाच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस. त्याने 1853 मध्ये या कॉलेजचं बांधकाम सुरू केलं तेव्हा माणसांना नेणारी सुरक्षित लिफ्ट अजून कोणी बसवलीच नव्हती. कूपरला मात्र खात्री होती की ती येणार. म्हणून त्याने लिफ्टसाठी उभी पोकळी आधीच बांधून ठेवली आणि ती गोल केली, कारण त्याच्या मते गोल आकार सगळ्यात सोयीचा. लिफ्ट आली, पण चौकोनी! शेवटी 1970 च्या दशकात नूतनीकरण करताना त्या पोकळीत खरोखरची गोल लिफ्ट बसवली. भाचीला दिवसभरात आवडलेली ही पहिली गोष्ट.

पुढे ब्रूम स्ट्रीटपर्यंत चालत गेलो. ब्रॉडवेच्या कोपऱ्यावर हॉवट बिल्डिंग, पाच मजली. दोन्ही रस्त्यांकडचे दर्शनी भाग ओतीव लोखंडाचे, कमानींच्या रांगांवर रांगा. रस्ता ओलांडून खांबावर बोटाने टकटक केलं की कळतं, हा दगड नाही. हे भाग डॅनियल बॅजरच्या कारखान्यात ओतून आणून जोडले. पुढे दहाएक वर्षांनी काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल इंग्लंडहून आणलेल्या लोखंडाच्या सांगाड्यावर उभं राहिलं, ते आठवलं. हॉवटचं दुकान काचसामान, झुंबरं आणि चिनी मातीच्या भांड्यांचं. लिंकनबाईंनी व्हाइट हाउससाठी डिनर सेट इथूनच घेतला. 23 मार्च 1857 ला इथे ओटिसची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. तळघरातल्या वाफेच्या इंजिनावर चालणारी, वेग मिनिटाला 40 फूट. म्हणजे जिना चढणारा धडधाकट माणूस तिच्या आधी पोहोचला असता. माझं स्पष्ट मत, पाच मजल्यांच्या दुकानाला या लिफ्टची गरज नव्हती. गिऱ्हाईक आत खेचण्याची ती क्लृप्ती होती. काही वर्षांतच ती बंद झाली. 1960 च्या दशकात ही इमारतही जायची होती, कारण ब्रूम स्ट्रीटवरून दहा लेनचा महामार्ग काढायचं घाटत होतं. 1965 मध्ये तिला संरक्षण मिळालं आणि पुढे महामार्गच बारगळला.

ओटिस स्वतः 1861 मध्ये यॉंकर्सला घटसर्पाने गेला, पन्नाशीही गाठली नाही. पैसा आणि नाव मिळवलं त्याच्या दोन मुलांनी. खरा उलटफेर 1870 नंतरचा. इक्विटेबल विमा कंपनीने ब्रॉडवेवर लिफ्टसकट ऑफिसची इमारत बांधली आणि ज्या वरच्या मजल्यांना कोणी विचारत नव्हतं त्यांना चांगलं भाडं येऊ लागलं. टॉप फ्लोअरसाठी बिल्डर आज जो फ्लोअर राइज लावतो, त्याचं मूळ हे.

संध्याकाळी एम्पायर स्टेट. लिफ्टमध्ये आकडे इतके भराभर पळतात की कानांना दडे बसतात. वर जाताना भाचीला बेटी लू ऑलिव्हरची गोष्ट सांगितली. 28 जुलै 1945 ला धुक्यात एक बी-25 बॉम्बर विमान या इमारतीवर आदळलं. तेव्हा लिफ्ट चालवणारी बेटी जखमी झाली, तिला खाली न्यायला दुसऱ्या लिफ्टमध्ये ठेवलं आणि नुकसान झालेले दोर तुटले. गव्हर्नरची दोरीही तुटलेली, म्हणून सेफ्टी ब्रेक लागलाच नाही. 75 मजले खाली, थेट तळघरात. तळाशी साठलेल्या दोरांच्या वेटोळ्यांनी आणि खाली दाबल्या गेलेल्या हवेने धक्का सोसला आणि बाई जगली.

"मावशी," भाची म्हणाली, "हे उतरल्यावर सांगितलं असतंस तर चाललं नसतं का?"

कोणाला जायचं असेल तर ही सगळी ठिकाणं सहा नंबरच्या गाडीवर आहेत. ब्रायंट पार्कला ग्रँड सेंट्रल, एम्पायर स्टेटला 33 स्ट्रीट, कूपर युनियनला ॲस्टर प्लेस, हॉवटला स्प्रिंग स्ट्रीट. एम्पायर स्टेट सोडलं तर कुठेही तिकीट लागत नाही.