सुरतेच्या लुटीतला ऑक्झिंडन भेटला

सुरतेची लूट आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलीय, पण जानेवारी १६६४ मध्ये महाराज आले तेव्हा इंग्रजांची वखार बंद करून आत नेटाने बसलेला त्यांचा प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झिंडन अजून सुरतेतच पुरलेला आहे, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. वखार वाचवली म्हणून औरंगजेबाने खूष होऊन इंग्रजांना जकातीत सूट दिली होती म्हणे! राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडनही याच घराण्यातला.

स्टेशनवर रिक्षावाल्याला इंग्लिश सिमेटरी म्हटलं तर तो बघतच राहिला, सरळ 'कतारगाम दरवाजा' सांगा. तिथून विचारत विचारत जावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा गेटला कुलूप, मग समोरच्या टपरीवर चहा घेतला, तासाभराने एकजण किल्ली घेऊन उगवला. त्यामुळे पहिल्याच दिवशी जा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आत शिरल्यावर चुकून दर्ग्यात आलो की काय असं वाटतं. एकावर एक घुमट, कमानी, जाड खांब, चाळीसेक फूट उंच. साहेबाला मेल्यावर मोगल सरदारासारखं दिसायचं होतं बहुतेक. खरं तर ही कबर आधी त्याच्या भावाची, ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, जॉर्ज १६६९ मध्ये. ख्रिस्तोफरचा लॅटिन लेख तर कमाल आहे, सगळा वहीखात्याच्या भाषेत! हिशोबात वर्षं नाही, फक्त दिवसच मांडता आले, मृत्यूने अचानक हिशोब मागितला, मालकांनो तुमच्या वाट्याला दुःख आलं, त्याचा जीव गेला, पण समोरच्या बाजूला 'मरण हाच नफा' लिहा, असं काहीसं. व्यापाऱ्याला याहून चांगला लेख कुठला? भाषांतर आधीच मोबाईलवर घेऊन जा, तिथे कोणी सांगणारं नाही.

डचांचं कब्रस्तान तिथून चालत जाण्यासारखं आहे, ते चुकवू नका. इंग्रजांच्या वरचढ व्हायचं म्हणून त्यांनी व्हॅन रीडसाठी अजूनच मोठी अष्टकोनी कबर उभारली. हा माणूस मलबारच्या झाडांवर बारा खंडांचा ग्रंथ करणारा, १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना जहाजावरच वारला. बाजूलाच आर्मेनियन लोकांच्या साध्या आडव्या शिळा आहेत, अक्षरं एक वाचता येत नाही पण मी तिथेच जास्त वेळ रेंगाळलो.

बूट घाला, गवत वाढलेलं असतं. पाणी सोबत ठेवा, टॉयलेट विसरा. सकाळी आठ-नऊला गेलात तर ऊन तिरपं असतं, फोटो बरे येतात आणि नंतर लोचो, म्हणजे सुरतेचा खास वाफवलेला नाश्ता, खायला वेळ उरतो.