पाल चुकचुकते तेव्हा

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली मुरलेली नर्स पाळण्याजवळून जाता जाता थबकते. 'हे बाळ मला बरं दिसत नाही.' मॉनिटरवरचे आकडे तर ठीक असतात. मग कशावरून? पटकन सांगता येत नाही. खोदून विचारलं की एकेक बाहेर येतं: कातडीवर फिकट चट्टे, पोट जरासं फुगलेलं, हालचाल सकाळपेक्षा मंद. जंतुसंसर्ग असा चोरपावलांनी येतो. डोळ्यांनी हे सगळं टिपलेलं असतं, शब्द मागून येतात. मनात पाल चुकचुकते ती अशी.

पण ही पाल सगळीकडे सारखी खरी बोलत नाही. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी बुद्धिबळाचा पट खेळाडूंना पाच सेकंद दाखवला. खऱ्या डावातल्या पंचवीसेक सोंगट्यांपैकी निष्णात खेळाडूला सोळाच्या आसपास आठवल्या, नवख्याला चार. मग सोंगट्या वाटेल तशा मांडल्या, आणि निष्णाताची गत नवख्यासारखीच झाली. नजर बसते ती ओळखीच्या मांडणीवर, आणि तीही, आपली चूक आपल्याला लगेच कळत असेल तरच. 'माणूस पाहताक्षणी कळतो' म्हणणाऱ्या मुलाखतकाराचं इथेच फसतं. त्याने नाकारलेल्यांनी पुढे काय दिवे लावले, हे त्याला कधी कळतच नाही. वीस वर्षांचा अनुभव खरा, पण आडाखे अंदाजपंचे दाहोदरसे.

भीतीही हुबेहूब याच आवाजात बोलते. मन चिंती ते वैरी न चिंती! फरक ओळखायला स्वतःला विचारावं, नेमकं काय खटकलं? अंदाज बहुधा एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवतो. भीती 'आणि मग असं झालं तर?' करत पुढे पळते. झोप झालेली नसेल, पोटात काही नसेल, तर उत्तर उद्यावर टाकावं. अपवाद एकच: ऐकण्याची किंमत किरकोळ आणि न ऐकण्याची मोठी असेल, तर पुराव्याची वाट पाहू नये. लिफ्टचा आवाज खटकला, जिन्याने जावं.

बाकीचे अंदाज वहीत लिहावेत. तारीख, एका ओळीत अंदाज, दहापैकी किती खात्री. सगळं निकालाआधी, कारण नंतर 'मला वाटलंच होतं' म्हणायला मन टपलेलंच असतं. तीसेक नोंदी झाल्या की विषयवार वेगळ्या काढाव्यात: माणसं, पैसा, यंत्रं, तब्येत. एकाच डोक्यातून निघालेले अंदाज, पण पानागणिक निकाल वेगळा दिसतो. चुकलेली नोंद खोडू नये. तोच विषय पुन्हा आला की आधी ते पान उघडावं.