जावक क्रमांक २१४/अ

शिक्षकाला राज्य पुरस्कार मिळाला की सत्कार होतात, पेपरात फोटो येतो. त्याच्यामागून कोणतं काम येतं ते मात्र कुणी सांगत नाही. खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढायचं असेल तर १९८१ च्या नियमावलीप्रमाणे आधी तीन जणांची चौकशी समिती बसते. एक संस्थेचा माणूस, एक त्या कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला, कुठल्याही खासगी शाळेत नोकरी करणारा, आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून संस्थेच्याच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी निवडलेला. कोरेगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या समितीत ती तिसरी मी होते.

बैठक साधारणपणे शाळेत आणि शाळेच्या वेळेत घ्यायची, असा नियम आहे. कर्मचाऱ्याची गैरसोय होऊ नये म्हणून तो केला असणार. पण बावीस वर्षं शिकवलेला माणूस हाताला खडू लागलेला असतानाच तास सोडून, पोरांच्या देखत चौकशीला येतो, हे बघवत नाही. आम्ही प्रयोगशाळेत बसायचो, कारण ऑफिसचं दार नीट लागत नव्हतं.

सर गणिताचे. आरोप दोन. एक, नववीचा अभ्यासक्रम वेळेत शिकवत नाहीत. दोन, वारंवार लेखी समज देऊनही सुधारणा नाही. संस्थेला सेवासमाप्ती हवी होती. समितीचे निमंत्रक संस्थेचेच. त्यांनी साक्षीदार म्हणून नववीच्या चार मुलींची नावं दिली होती. ती मी पहिल्याच बैठकीत खोडायला लावली. चौदा वर्षांच्या पोरीला तिच्या सरांसमोर बसवून उलटतपासणी करायची, आणि पुढच्या वर्षी तिने दहावीला त्यांच्याच वर्गात बसायचं? मुली नकोत, मला वह्या द्या, म्हटलं. शाळेने निवडलेल्याही नकोत. पट बेचाळीसचा होता. हजेरीपटावरचा दर सातवा क्रमांक, अशा सहा वह्या मागवल्या.

तिसऱ्या बैठकीला त्या माझ्यासमोर आल्या. मी स्वतः सव्वीस वर्षं गणित शिकवते, वही कशी वाचायची ते मला कळतं. मुलाची वही फसवू शकते, त्यात पानंच्या पानं गाळलेली असतात. पण नीटनेटक्या मुलीच्या वहीत वार, तारीख, प्रकरण, सरावसंच क्रमांक सगळं असतं, आणि समासात सरांची तारखेसह लाल सही. सहापैकी तीन वह्या अशा होत्या. तिन्हींत डिसेंबरअखेर गणिताच्या पुस्तकाच्या भाग एकमध्ये बहुपदी चालू होती, म्हणजे सातपैकी तिसरं प्रकरण. भाग दोन त्रिकोणावर अडकलेला. मग सरांचं टाचण, म्हणजे रोज काय शिकवलं त्याची त्यांची वही, उघडलं. त्यात त्याच तारखांना दोन चलांतील रेषीय समीकरणं शिकवून झालेली, शैक्षणिक साधनांच्या रकान्यात आलेख कागदसुद्धा लिहिलेला. वह्यांत आलेखाचं एकही पान नव्हतं. टाचणावर दर आठवड्याला मुख्याध्यापकांची सही होती.

पहिला आरोप माझ्यापुरता तिथेच सिद्ध झाला होता. दुसऱ्यासाठी मी जावक रजिस्टर मागितलं, शाळेतून दिलेल्या प्रत्येक पत्राची क्रमाने नोंद होते ते.

संस्थेने दोन ज्ञापनांच्या, म्हणजे त्या लेखी समजांच्या, प्रती जोडल्या होत्या. एकावर जावक क्रमांक २१४/अ, दुसऱ्यावर ३०१/अ. रजिस्टरमध्ये २१४ आणि २१५ यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, बारीक अक्षरात, वेगळ्या शाईने ती ओळ कोंबलेली. बाकीच्या शिक्षकांना दिलेल्या साध्या सूचनांवरसुद्धा पोच होती, सही होती. या दोन्हींवर काही नाही.

"सर, यांची पोच कुठंय?" मी मुख्याध्यापकांना विचारलं.

"हातोहात दिलं होतं, मॅडम."

"मग हातोहात सही घ्यायची राहिली?"

ते खिडकीकडे बघत राहिले. मी गणिताच्या सरांचे, दरवर्षीच्या कामाचे गोपनीय अहवाल मागितले. मागची तिन्ही वर्षं 'चांगला'. प्रतिकूल शेरा लिहिला तर तो ऑगस्टअखेरपर्यंत कर्मचाऱ्याला कळवावा लागतो. लिहिला नाही किंवा कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक धरलं जातं. इथे तर शेराच नव्हता. मुख्याध्यापकांच्या वर्गभेटींचं लॉगबुक पाहिलं, तर दोन वर्षांत या सरांच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसल्याची एक नोंद नाही.

कर्मचाऱ्याचे प्रतिनिधी उठून उभेच राहिले. "कागद बनावट आहेत, म्हणजे प्रकरणच बनावट. दोषमुक्त करा." निमंत्रक म्हणाले, "आणि वह्या? त्या पण आम्ही लिहिल्या का?" दोघांचंही अर्धं खरं होतं. मी सरांकडे वळले.

"वह्या खऱ्या आहेत, मॅडम," ते म्हणाले. मग हळूहळू बोलायला लागले. आधीची दोन वर्षं त्यांना तास सोडून संस्थेच्या कार्यालयात बांधकामाचे हिशेब लिहायला बसवत होते. तेव्हा अभ्यासक्रमाबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही. मग संस्थेच्या निवडणुकीत ते दुसऱ्या पॅनेलमधून उभे राहिले आणि पडले.

"हिशेबाला पाठवायचे तेव्हा, माझा तास आहे, असं एकदा तरी लेखी दिलंत?"

"नाही."

"आणि यंदा? यंदा तर हिशेब नव्हते."

बराच वेळ ते गप्प होते. "यंदा मन लागलं नाही," म्हणाले. ते वाक्य कामकाजात जसंच्या तसं लिहून घेतलं. नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. सरांनी ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि सही केली.

मला सर्वांत जास्त राग आला तो मुख्याध्यापकांचा. बावीस वर्षांच्या सहकाऱ्याला तोंडावर वाईट कसं म्हणायचं, म्हणून ते गप्प राहिले, आणि वरून हुकूम आला तेव्हा मागच्या तारखेचे कागद तयार केले. दोन्ही वेळी त्यांना स्वतःची खुर्चीच सांभाळायची होती. वेळेवर दिलेलं एक ज्ञापन, त्यावर घेतलेला खुलासा, महिन्याभराने पुन्हा वर्गभेट, एवढं केलं असतं तर तो माणूस कदाचित सावरला असता.

आमचा निर्णय दोन विरुद्ध एक असा झाला. पहिला आरोप सिद्ध, दुसरा असिद्ध, आणि एक वेतनवाढ एक वर्षासाठी रोखावी. निमंत्रकांनी विरोधी मत नोंदवलं. २१४/अ आणि ३०१/अ या नोंदी कशा दिसतात ते मी निष्कर्षात सविस्तर लिहिलं. ते काढा, असा फोन मला दोनदा आला. काढलं नाही.

पण एक गोष्ट अजून मनातून जात नाही. ती दोन ज्ञापनं खरी असती आणि त्यानंतरही वह्या अशाच निघाल्या असत्या, तर मी सेवासमाप्तीवर सही केली असती का? बहुतेक केली असती. म्हणजे सरांची नोकरी वाचली ती मुख्याध्यापकांच्या लबाडीमुळे. आणि नववीच्या बेचाळीस मुलांच्या बाजूने त्या प्रयोगशाळेत कुणीच नेमलेलं नव्हतं. समितीत तीन माणसं, तीनही मोठ्यांच्या भांडणासाठी.

निघताना वह्या परत करायला मी स्वतः मुख्याध्यापकांकडे गेले. राहिलेल्या प्रकरणांसाठी जादा तास लावा, म्हटलं. तसा आदेश द्यायचा अधिकार समितीला नसतो, म्हणून तोंडीच सांगितलं. "लावतो, लावतो," म्हणाले. सगळ्यांत वरच्या वहीला खाकी कव्हर होतं. पहिल्या पानावर त्या मुलीने जूनमध्येच पट्टीने रेघा मारून अनुक्रमणिका केली होती. सातही प्रकरणांची नावं. पृष्ठ क्रमांक फक्त पहिल्या तिन्हींपुढे.